नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेले मापाचे कप-चमचे आणि छोटा काटा, आठ महिन्यांनंतर

आधी निकाल सांगतो, कारण पुष्कळांना तेवढाच हवा असतो. स्टीलच्या चार कपांचा आणि चार चमच्यांचा संच, ३४० रुपये. घ्यावा, पण दुकानातच पाणी भरून मोजून घ्यावा. पाच किलोपर्यंत तोलणारा, एकेक ग्रॅम दाखवणारा घरगुती काटा, ६९० रुपये. हा घ्यावाच. दोन्हींपैकी एकच परवडत असेल, तर कप सोडावेत आणि काटा आणावा.

आता असं का म्हणतो ते सांगतो.

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवायचो. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि त्याच सुमारास सौ.ने घरून केक-बिस्किटं करून द्यायला सुरुवात केली. त्रिमूर्तीनगरात आमच्या गल्लीत कुणाच्या पोराचा वाढदिवस असला की फोन तिला येतो. तिच्या हाताला चव आहे, ती मी सांगायची गरज नाही. पण नव्या कृती येतात त्या इंग्रजीतून. मुलगी मेलबर्नला असते, पुतण्या न्यू जर्सीत. दोघंही फोनवर फोटो पाठवतात, आणि त्या कृती मराठीत उतरवून दोनशे पानी वहीत मोठ्या अक्षरात लिहून देणं हे माझं काम. ओट्याजवळ चष्मा न लावता वाचता आलं पाहिजे, एवढी तिची अट.

सुरुवातीला मला वाटलं, यात काय अवघड आहे? टेबलस्पून म्हणजे मोठा चमचा, टीस्पून म्हणजे लहान चमचा, कप म्हणजे कप. शब्दाला शब्द ठेवला की झालं.

मुलीने पहिली पाठवली ती अँझॅक बिस्किटांची कृती. पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याचं नाव या बिस्किटांना आहे, आणि तिकडे २५ एप्रिलच्या स्मृतिदिनाला ती घरोघरी होतात. ओट्स, मैदा, सुक्या खोबऱ्याचा कीस, साखर, लोणी. अंडं नाही, म्हणून आमच्या गिऱ्हाइकांना एकदम चालण्यासारखी. त्यात दोन टेबलस्पून गोल्डन सिरप होतं, त्याच्या जागी आम्ही काकवी घेतली, आणि दोन टेबलस्पून उकळतं पाणी. मी वहीत ‘मोठे चमचे २’ असं दोन ठिकाणी लिहिलं आणि पेपर वाचायला बसलो.

थोड्या वेळाने आतून हाक आली. ‘अहो, इकडे या जरा. हे गोळाच धरत नाहीये.’

परातीत कोरडा भुसभुशीत चुरा होता. मुठीत दाबला की वळायचा, मूठ उघडली की पसरायचा. तिने अंदाजाने पाण्याचा हबका मारला आणि बिस्किटं थापली. झाली, पण इतकी कडक की चहात बुडवूनसुद्धा दाताला लागत होती. ती कुणालाही द्यायची नाहीत असं तिनेच ठरवलं. मला ते फार लागलं. तिच्या हाताचं काहीच चुकलं नव्हतं. चूक वहीत होती.

दोन दिवस मी त्याच्या मागे लागलो. कळलं ते असं: ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलिचा असतो. अमेरिकेतला आणि आजच्या इंग्लंडमधला १५ मिलिचा. लहान चमचा मात्र सगळीकडे ५ मिलिचा. म्हणजे अमेरिकेत तीन लहान चमच्यांचा एक मोठा होतो आणि ऑस्ट्रेलियात चारांचा. मुलीच्या कृतीत काकवी आणि पाणी मिळून चार मोठे चमचे, म्हणजे ८० मिलि ओलावा हवा होता. आमच्या चमच्याने ६० गेला असावा असं धरलं, तरी इतका फरक पडावा का, हे मनाला पटेना.

मग आमचा चमचाच तपासला. तेव्हा घरात प्लॅस्टिकचा संच होता, एका मोठ्या दुकानातून घेतलेला. दुकानाचं नाव घेत नाही. औषधांच्या दुकानातून बिनसुईची १० मिलिची सिरिंज आणली, टेबलावर चमचा सरळ धरला आणि पाणी सोडत गेलो. चमच्यावर १५ मिलि छापलेलं होतं. १२ मिलिला तो काठोकाठ भरला. चार चमचे म्हणजे ४८ मिलि. ८० च्या जागी ४८. ते पीठ गोळा धरणार कसं?

त्या संचाची दुसरी तक्रार म्हणजे आकडे छापलेले होते, कोरलेले नव्हते. दोन महिन्यांच्या घासण्यात ते पुसले गेले आणि अर्धा कोणता, तिसरा हिस्सा कोणता, हे नुसत्या नजरेने ओळखावं लागू लागलं. अर्धा आणि एक तृतीयांश कप शेजारी ठेवून बघा, घाईत कुणाचीही गल्लत होईल.

म्हणून मग इतवारी. मेट्रोने गेलो, सिरिंज शर्टाच्या खिशात. भांड्यांच्या दुकानात संच मागितला, पाण्याची बाटली काढली आणि मालकांना विचारलं, मोजून बघू का?

‘चमच्यात काय मोजता जी काका? चमचा म्हणजे चमचा.’

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. दुकानातल्या पोराने काउंटरवर फडकं टाकलं. तीन संच काढले. पहिल्यावर १५ मिलि कोरलेलं, भरलं १३. तिसऱ्याचा मोठा चमचा बरोबर, पण लहान चमच्यात ५ च्या जागी ६ मिलि मावलं, आणि सोड्याच्या बाबतीत हा फरक चालत नाही. मधला संच बरोबर निघाला. एक काळजी घ्यायची: पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं. डोळे चमच्याच्या पातळीला आणून बघायचं आणि फुगायला लागलं की थांबायचं, नाहीतर अर्धा मिलि जास्त भरतं. हे सांगितल्यावर मालकांनी सिरिंज माझ्या हातातून घेतली आणि चौथा संच स्वतः मोजला. तोही बरोबर निघाला. तो त्यांनी बाजूला ठेवला. कुणासाठी ते मी विचारलं नाही. मधला संच मी घेतला आणि त्याच दुकानातून काटाही घेतला.

घरी आल्यावर काट्याची परीक्षा. आपलं दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या जरा आत भरतं, ७.७ ग्रॅम धरा. दहा नाणी ठेवली, काट्याने ७७ दाखवले. मग नव्या मोठ्या चमच्याने दहा वेळा पाणी ओतलं, १४८ ग्रॅम. एका मिलि पाण्याचं वजन एक ग्रॅम, म्हणजे चमचा १४.८ मिलिचा. अमेरिकी टेबलस्पून नेमका तेवढाच असतो. एकेक चमचा तोलू नका, कारण ग्रॅमच्या काट्याला एवढं बारीक दिसत नाही. दहा चमचे एकदम तोला आणि दहाने भागा. शाळेच्या प्रयोगशाळेत गुंजभर वस्तूचं वजन असंच काढायचे.

कपाचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. या संचातला मोठा कप २५० मिलिचा आहे आणि मोजला तेव्हा २४९ ग्रॅम पाणी मावलं. मुलीच्या ऑस्ट्रेलियन कृतींना तो चपखल बसतो, कारण तिथला कप २५० चाच. पुतण्याच्या अमेरिकेतला कप साधारण २३७ मिलिचा. तिथल्या पाकिटांवर पोषणाचा तक्ता असतो, त्यात कप २४० चा धरतात. जपानी कप २०० चा. जुन्या इंग्लिश कृतींत अर्ध्या पाइंटचा कप येतो, तो २८४ मिलिचा.

हे ऐकून सौ. म्हणाली, ‘म्हणजे आपल्या पायलीसारखंच की.’ तिचं माहेर उमरेडकडचं. तिच्या आजीच्या गावची पायली आणि शेजारच्या गावची पायली वेगळी, आणि देवाणघेवाण करताना कुणाच्या पायलीने, ते आधी ठरायचं. मला पावशेर आठवला. माझी आई भाजी पावशेर मागायची, आजही बाजारात पावशेर म्हटलं की २५० ग्रॅम तोलून मिळते. पण ऐंशी तोळ्यांचा जुना शेर ९३३ ग्रॅमचा होता, म्हणजे त्याचा पाव २३३. १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू किलो-ग्रॅम आले. शब्द तोच राहिला, आतलं वजन बदललं. २३३ चे २५० झाले. तिकडे कपाचंही एका देशात २३७ आणि दुसऱ्या देशात २५०. अंतर जवळजवळ सारखंच आहे हे पाहून मला खरोखर गंमत वाटली.

मग अमेरिकी कृतीला हा २५० चा कप चालतो का? चालतो, आणि कधी चालत नाही तेही सांगतो. कृतीतले सगळे जिन्नस कपातच असतील, तर कप कोणत्याही देशाचा असू द्या, गुणोत्तर तेच राहतं. बिघडतं तेव्हा, जेव्हा काही कपात आणि काही नगात असतं. दोन अंडी ती दोनच राहतात, लोण्याची वडी तेवढीच राहते, लहान चमचाभर सोडा तेवढाच, आणि मैदा मात्र दर कपाला १३ मिलिने वाढतो. साडेतीन कपांना ४५ मिलि, म्हणजे तीन मोठे चमचे मैदा जास्त. पुतण्याच्या केळ्याच्या केकचा दुप्पट घाणा असाच कोरडा झाला होता. तेव्हापासून अमेरिकी कृतीतला कप मी वहीत कप म्हणून लिहीतच नाही, थेट ग्रॅम लिहितो. मैदा १२५, साखर २००, लोणी २२७.

आणि इथे काट्याचा खरा उपयोग कळतो. एक प्रयोग मी शेजाऱ्यांनाही करून दाखवला आहे. तोच कप, तोच डबा, तोच मैदा. चमच्याने हलक्या हाताने कप भरला आणि सुरीच्या पाठीने सपाट केला: १३१ ग्रॅम. मग तोच कप डब्यात खुपसून भरला, सपाट केला: १५७. कप बरोबर, माप बरोबर, आणि तरी २६ ग्रॅमचा फरक. पीठ दबतं, पाणी दबत नाही, एवढीच त्यातली गोष्ट. कप कितीही चांगला घेतला तरी या फरकावर त्याच्याकडे इलाज नाही.

इंग्रजी कृतीत लेव्हल, राउंडेड, हीप्ड, स्कँट असे शब्द कप-चमच्यापुढे लागतात. या शब्दांसाठी मी बरेच दिवस अडलो होतो, आणि उत्तर आपल्याच धान्याच्या मापात होतं. शीग. मापाच्या काठावर जो ढीग उभा राहतो ती शीग. हीप्ड म्हणजे शीग लावून, लेव्हल म्हणजे शीग काढून. स्कँट म्हणजे काठाला किंचित कमी. राउंडेड म्हणजे थोडीशीच शीग, आणि ब्राउन शुगरपुढे पॅक्ड येतं ते दाबून भरलेलं. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पाकपुस्तकात शीग काढून मोजायचा आग्रह धरला आणि अमेरिकी स्वयंपाकघरात ते रूढ झालं, म्हणून तिथल्या कृतीत काहीच लिहिलेलं नसेल तर शीग काढूनच भरायचं. सौ.ला ‘सपाट’ लिहून दिलं तर ती कप आपटून सपाट करायची. ‘शीग काढून’ लिहिल्यावर तिने काहीही न विचारता सुरीची पाठ फिरवली.

संचावर जे कोरलेलं आहे तेही वाचायला शिकावं लागतं. टीबीएसपी मोठा, टीएसपी लहान. पुतण्याच्या शेजारणीने हाताने लिहून दिलेल्या कृतीत तेवढंही नसतं, नुसता टी असतो. मोठ्या लिपीतला टी म्हणजे टेबलस्पून, लहान लिपीतला टी म्हणजे टीस्पून. मिठाच्या आणि सोड्याच्या बाबतीत ही गल्लत झाली तर पदार्थ तिप्पट खारट किंवा तिप्पट साबणासारखा होणार. आपल्या मराठी कृतींतही लोक ‘टेस्पू’ आणि ‘टीस्पू’ लिहितात. दोन्हींत एका मात्रेचा नि वेलांटीचा फरक, आणि वहीवर तुपाचा डाग पडला की संपलं. मी पूर्ण शब्द लिहितो आणि पुढे मिलि लिहितो. कृती ऑस्ट्रेलियाची असेल तर ‘मोठा चमचा १ + लहान चमचा १’, म्हणजे आमच्या संचाने २० मिलि होतात.

औंसाचं तर दोन प्रकारे जपावं लागतं. साधा औंस वजनाचा, २८ ग्रॅमपेक्षा थोडा जास्त. फ्लुइड औंस आकारमानाचा, अमेरिकेत साडेएकोणतीस मिलि. दूध आठ औंस म्हटलं तर एक कप, पण चॉकलेटचे दाणे आठ औंस म्हटले तर काट्यावर २२७ ग्रॅम. त्याच दाण्यांचा एक कप भरला तर १७० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यामुळे पातळ असेल तर माप आणि घट्ट असेल तर काटा, असा माझा नेम झाला आहे. एलबी म्हणजे पाउंड, ४५४ ग्रॅम. पाउंड या शब्दात एल नाही, बी नाही, मग हे कुठून आलं असं सौ.ने विचारलं होतं. ते लॅटिन लिब्रा, आपल्या तूळ राशीचं इंग्रजी नावही तेच. स्टिक ही अमेरिकी लोण्याची वडी, ११३ ग्रॅम, अर्धा कप. तिच्या वेष्टनावर चमच्यांच्या आठ रेघा छापलेल्या असतात, म्हणून तिकडे लोणी सर्रास चमच्यांत सांगतात. आपल्याकडे तसा कागद नाही, काटाच लागतो.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते स्वल्पविरामाला. ‘एक कप अक्रोड, चिरलेले’ आणि ‘एक कप चिरलेले अक्रोड’ या इंग्रजीत दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीत आधी मोजायचे, मग चिरायचे. दुसरीत आधी चिरायचे, मग मोजायचे. चिरलेले अक्रोड कपात जास्त मावतात. चाळलेल्या मैद्याचंही तसंच, चाळून मोजला तर कप हलका भरतो. मराठीत आपण विशेषण आधीच ठेवतो, त्यामुळे भाषांतर करताना दोन्ही वाक्यांचं ‘चिरलेले अक्रोड १ कप’ होऊन जातं आणि त्यातला क्रम हरवतो. मी आता क्रियापदाने लिहितो: ‘अक्रोड १ कप मोजा, नंतर चिरा.’ वही थोडी लांबते. ग्रॅम लिहिले की हा प्रश्नच उरत नाही, कारण चिरल्याने वजन बदलत नाही.

ओव्हनच्या तपमानाबद्दल थोडक्यात. अमेरिकी कृतीत फॅरनहाइट असतं, ३५० म्हणजे आपले साधारण १७७, आम्ही १८० लावतो. जुन्या इंग्लिश कृतीतला गॅस मार्क ४ म्हणजेही तेच. मुलीच्या कृतीत फॅन-फोर्स्ड १६० लिहिलेलं असतं, आमच्या ओव्हनला पंखा नाही म्हणून तिथेही १८०.

पण ‘रूम टेम्परेचर बटर’ हे नागपूरला तसंच्या तसं लिहून चालणार नाही. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या मनात अठरा-वीस अंशांची खोली असते. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात लोणी बाहेर ठेवलं तर वीस मिनिटांत कडेने तूप सुटायला लागतं, आणि अशा लोण्यात साखर फेटली तर हवा धरत नाही, बिस्किटं ट्रेमध्ये पसरतात. डिसेंबरात तेच लोणी दुपारपर्यंत दगड. वहीत मी लिहिलंय: ‘अंगठा दाबल्यावर खळगा पडावा, पण अंगठा चकाकू नये.’ बारा महिने चालतं.

आता काट्याच्या खोडी, कारण वर नुसती स्तुती झाली.

दोन मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो. वाटी ठेवून शून्य केलं, डब्याचं झाकण उघडेपर्यंत फोन आला, परत येऊन बघावं तर पडदा कोरा. मग पुन्हा सगळं काढून सुरुवात. शून्य करायचं बटण आणि एकक बदलायचं बटण अगदी शेजारी आहे. पिठाच्या बोटाने एकदा चुकीचं दाबलं गेलं आणि ग्रॅमचे औंस झाले. आकडा विचित्र दिसला म्हणून लक्षात आलं. आता त्या बटणावर सौ.ने चिकटपट्टी लावली आहे. मोठी परात ठेवली की पडदा तिच्याखाली झाकला जातो, म्हणून आधी एक उपडा वाडगा, त्यावर परात, असं करावं लागतं. कूलरच्या झोतात ठेवला तर शेवटचा आकडा थरथरत राहतो. आणि एकेक चिमूट टाकत गेलात तर काट्याला ते कळतच नाही, दहा चिमटी झाल्या तरी तो शून्यावर. म्हणून सोडा, बेकिंग पावडर, मीठ, वेलची हे चमच्यानेच घ्यावं. चमच्यांचा संच हवा तो यासाठीच.

एक गोष्ट मात्र दुकानात कुणी सांगत नाही. त्यात मिलि दाखवायची सोय आहे, पण ते मिलि पाण्याचे आहेत. काटा वजनच मोजतो आणि त्याला मिलि म्हणतो. तेल पाण्यापेक्षा हलकं, २५० मिलि तेलाचं वजन २३० ग्रॅमच्या आसपास. मिलिवर ठेवून तेल ओतत गेलात तर २५० दिसेपर्यंत तेल जास्त पडलेलं असतं. मध आणि काकवी जड, तिथे उलट होतं. मिलि लिहिलेलं असेल तर कप-चमचा, ग्रॅम लिहिलेलं असेल तर काटा. ते बटण वापरूच नये.

स्टीलच्या संचाबद्दल तक्रार थोडी. रिकामा छोटा कप दांड्याच्या वजनाने कलंडतो. तिसऱ्या हिश्श्याच्या कपाचा दांडा पाचव्या महिन्यात हलायला लागला, दुकानदाराने बिलाविना बदलून दिला. आकडे कोरीव आहेत, आठ महिन्यांत एकही पुसला नाही. संचात लहान चमच्याचा आठवा हिस्सा नाही, तेवढ्यासाठी पाव चमचा निम्मा करून घेतो.

घरातली सौ.ची रोजची वाटीही मी तोलली. काठोकाठ १७० मिलि. ते तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने आहे, कारण तिच्या आईकडून आलेल्या सगळ्या कृती त्याच वाटीच्या आहेत.

आणि आता उलटी मागणी सुरू झाली आहे. मुलीला मेलबर्नमध्ये सांबारवडी करायची होती. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि हिवाळ्यात तो स्वस्त झाला की घरोघरी पुडाच्या वड्या होतात. आईला विचारलं तर आई म्हणाली, सांबाराच्या चार जुड्या, खसखस-खोबरं अंदाजाने, बेसन-कणकेची पारी बसेल तितकी. मुलगी म्हणाली, ‘आई, इथली जुडी केवढी असते तुला माहीत आहे का?’ मग परवा सकाळी सौ. करत गेली आणि मी प्रत्येक गोष्टीच्या आधी वाडगा काट्यावर ठेवत गेलो. तिने मूठभर खोबरं घेतलं की म्हणायचो, थांब, आधी इथे टाक. ती एकदाही कंटाळली नाही. वीस वड्या झाल्या. यादी मुलीला इंग्रजीत पाठवली, सांबार २१० ग्रॅम.

पाच मिनिटांत तिचा फोन. ‘बाबा, २१० हे निवडायच्या आधीचे की नंतरचे?’

निवडून, धुऊन, पंचावर सुकवून, बारीक चिरलेला. देठं आणि पिवळी पानं मी वेगळी तोलून ठेवली होती, ती १४० ग्रॅम भरली. तेही तिला कळवलं.